कापलेला कोपरा

धाकट्याला जुळं झालं त्या वर्षी आई माणसं विसरायला लागली. आधी शेजारीण पुसली गेली, मग सून, मग धाकटा स्वतः. तो म्हणायचा, "घरात दोन नवी आली, जुन्यांना जागा कुठून उरणार?" असं म्हणून हसायचा आणि मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहायचा.

थोरली सगळ्यात शेवटी पुसली गेली. लग्न न करता ती आईपाशीच राहिली होती. दिवसभर इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी इस्त्री करायच्या आणि घरी येऊन आईचं सगळं करायचं, हाच तिचा जन्म. एका संध्याकाळी ती आईचे पाय पुसत असताना आई म्हणाली, "बाई, आता जा तुम्ही. तुमची माणसं वाट बघत असतील. माझी थोरली येईलच एवढ्यात."

थोरलीने टॉवेल पिळून दोरीवर टाकला आणि ती जिन्यात जाऊन बसली.

धाकट्याने फोनवर फोटो दाखवून पाहिले. आईने थोरलीच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, तर चेहरा सरकला आणि दुसरंच काहीतरी आलं. "बोट लावलं की पळतात ही," म्हणून तिने फोन परत केला.

खोक्यातली माणसं मात्र पळत नव्हती. वडिलांचा खालच्या मजल्यावर स्टुडिओ होता. ते गेल्यावर त्याला कुलूप लागलं, पण घरच्यांचे छापील फोटो आईने फोटोच्या कागदाच्या एका रिकाम्या खोक्यात जपले होते. रोज दुपारी ती ते मांडीवर घेऊन बसायची. एकेक फोटो उचलायचा, चेहरा बघायचा, मग अंगठा वरच्या उजव्या कोपऱ्यावर फिरवायचा. कोपरा शाबूत असला की उजवीकडे, कापलेला असला की डावीकडे.

ही वडिलांची रीत. गिऱ्हाईक वारल्याचं कळलं, की ते आपल्याकडच्या कॉपीचा कोपरा कात्रीने तिरका उडवायचे. पुढे घरचं कुणी तोच फोटो मागायला आलं, तर तोंडातून "कसे आहेत?" असं जाऊ नये म्हणून. घरच्या फोटोंचे कोपरे आई कापायची. वडिलांचा तिनेच कापला होता, माणसं स्मशानातून परतायच्या आत.

उजवीकडच्या फोटोंत सहा वर्षांची थोरली होती. वेताच्या खुर्चीवर, मागे रंगवलेला पडदा, कपाळावर आठी. "ही माझी नाकाडी," आई म्हणायची. "कुठे राहिली कुणास ठाऊक."

थोरलीच्या डोक्यात तेव्हा ते आलं. तीच खुर्ची, तोच पडदा, तोच कॅमेरा, तसलाच कागद. आजची नाकाडी त्या नाकाडीच्या शेजारी आईच्या हातात ठेवायची. मग आई एकदा मान वर करेल. एकदा "थोरले" म्हणेल. पुढचं काहीही होवो.

तिने स्टुडिओ उघडला. खुर्चीला वाळवी लागली होती, पडद्याचं आभाळ सोललं होतं. वडील असताना तिला फोटो धुण्याच्या औषधांचा वासही सोसायचा नाही, पण त्यांचे हात कसे चालतात ते तिने पाहिलेलं होतं. एका म्हाताऱ्या फोटोवाल्याकडून तिने रोल, कागद आणि औषधं मिळवली. पहिला रोल कोरा निघाला. दुसऱ्यावर सगळं धुकं आलं.

"ताई, चादरी धुणं आणि रोल धुणं यांत फरक असतो," धाकटा म्हणाला.

"चादर बोलत तरी नाही."

तिसऱ्या रोलवर तिने धुलाईघरातल्या बायकांचे हात काढले होते, वाफेने सुजलेले. रविवारी खिडकी काळ्या कापडाने बंद करून, लाल दिव्याखाली ट्रे हळूहळू हलवत ती उभी राहिली. पांढऱ्या कागदावर आधी सावली आली, मग बोटं, मग बोटांवरच्या भेगा. कितीतरी वर्षांत तिला स्वतःच्या मनाने काही करावंसं वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं, उद्या पुन्हा करावं. धुलाईघरात वाफेतून कुणाचा चेहरा वर आला, तरी ती आता थांबून बघायची.

मग धाकट्याने बटण दाबायचं काम घेतलं. थोरली खुर्चीत बसली.

"ताई, हस की जरा."

"हसले तर ओळखेल का आई? या घरात मला हसताना कुणी पाहिलंय?"

"मग आठी घाल. ती छान जमते तुला."

फोटो झकास आला. नाक, आठी, पडद्याचं सोललेलं आभाळ, सगळं. ओला कागद तिने वडिलांसारखाच काचेवर चिकटवून वाळत घातला. वाळल्यावर सोडवताना तो एका बाजूला काचेला धरून राहिला आणि वरच्या उजव्या टोकाशी फाटला. फाटकं टोक वाईट दिसत होतं. तिने वडिलांची कात्री घेतली आणि ते तिरकं, साफ उडवलं.

रीत तिला ठाऊक नव्हती असं नाही. लहानपणापासून ठाऊक होती. पण मन आधीच वरच्या मजल्यावर आईपाशी पोचलं होतं, आणि हात आपलं काम करून मोकळा झाला.

आईने फोटो घेतला. बराच वेळ पाहिला. खोक्यातून सहा वर्षांची काढून शेजारी धरली.

"थोरली," ती म्हणाली. "माझी थोरली आहे ही. केवढी झाली."

थोरली गुडघ्यावर बसली. "हो आई."

आईचा अंगठा वर सरकला, कोपऱ्यापाशी गेला आणि थांबला. परत मागे आला, परत गेला. थोरलीला तेव्हा कळलं.

"कधी गेली?" आईने विचारलं.

"आई, माझ्याकडे बघ. मी आहे. कोपरा फाटला होता, म्हणून मी कापला."

"मला कुणी सांगितलंच नाही." आईने मान वर केली, पण तिच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं. "तुम्ही ओळखत होता का हो तिला? बसा जरा माझ्यापाशी. आणि तेवढी कात्री द्या."

थोरलीने कात्री दिली नाही. आईने सहा वर्षांच्या पोरीचा कोपरा दातांनी तोडला आणि दोन्ही फोटो डावीकडे ठेवले.

दुसऱ्या दिवशी थोरलीने चारही कोपरे शाबूत असलेली कॉपी आणली. आईने अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हा आधीचा, ती असतानाचा." त्यानंतर तिने थोरली कधी येणार असं विचारलं नाही.

थोरली मात्र आईचे फोटो काढत राहिली. खिडकीपाशी, पांघरुणात, खोकं मांडीवर घेऊन. आई शहाण्यासारखी बसायची. "बाईंचा हात चांगला आहे," ती धाकट्याला सांगायची. "आमच्या यांच्यासारखा."

जुळं पाऊल टाकायला लागलं त्या वर्षी, मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी आई गेली. तिच्या लेखी थोरली तिच्या आधी गेली होती. थोरलीने संध्याकाळी आईच्या फोटोचा कोपरा कापला.