किल्लाकचे बूट

मित्रांनो, मी एक जुनी उलू आहे. अर्धचंद्रासारखे पाते आणि त्यावर आडवी मूठ असलेली, उत्तर ध्रुवाकडच्या आमच्या इग्लुलिक गावातल्या बायकांची सुरी. जन्माने मात्र मी करवत. किल्लाकने मला भंगारातून उचलले, विजेच्या यंत्रावर कापले, घासले आणि पाते तापले की पाण्यात बुचकळले. मूठ कॅरिबू हरणाच्या शिंगाची. तिचे माप घ्यायला त्याने बायकोला, लीटियाला, भाकरीच्या पिठाचा गोळा आवळायला लावला आणि बोटांच्या त्या खळग्यांबरहुकूम शिंग कोरले.

"दुकानात आयत्या मिळतात की," लीटिया म्हणाली.

"मिळतात. पण त्यांना तुझी मूठ कुठे ठाऊक?"

पुढे मी किती सील सोलले, किती कातडी बेतली! शेजारणी हेव्याने मला हातात घेत. मी त्यांच्या हातात कधी नीट बसले नाही.

मग एका वसंतात किल्लाक शिकारीला गेला, वारा फिरला आणि त्याच्या पायाखालचा बर्फ तुटून समुद्रात वाहत गेला. विमानाने शोधले, गावाने शोधले, शेवटी सगळे हात हलवत परतले. लीटियाने मात्र त्याच्यासाठी नवे बूट शिवायला घेतले. एक जोड झाला की दुसरा. बूट तयार असले की माणूस येतो, असे ती मला आवळत पुटपुटे. मला तिची भीती वाटू लागली.

त्यातच लेक मियाली बाळंत झाली. मुलगा दूध धरीना, रडून रडून निळा पडू लागला. नर्सला कारण सापडेना. म्हाताऱ्या म्हणाल्या, तो आपले नाव मागतोय. आमच्याकडे बाळाला गेलेल्या माणसाचे नाव देतात, मग तो माणूसच बाळात परतला असे मानतात. कोणाचे, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण ते दिले की किल्लाक मेलाच.

"आई, बाबा गेले म्हण गं," मियाली तिच्या पायाशी बसून म्हणाली. "नाहीतर हाही जाईल."

 लीटियाने किल्लाकचा नवा बूट मांडीवर घेतला आणि मला त्यावर टेकवले. मित्रांनो, इतकी कातडी कापली, पण तेव्हा मला माझ्या धारेची लाज वाटली. त्या मोठ्या बुटातून तिने दोन चिमुकले बूट बेतले, शिवले आणि बाळाच्या पायांत चढवले.

"अहो किल्लाक," ती म्हणाली, "किती वाट पाहायला लावलीत. प्या आता."

बाळाने हुंदका दिला आणि दूध धरले. लीटिया तेव्हा कुठे रडली.

मित्रांनो, मला शोभेसाठी काचेच्या कपाटात ठेवू नका. मला धार लावत राहा. किल्लाकचे पाय आता वाढणार आहेत.