आडोशामागचं मत

खुर्च्या विणणाऱ्या काकूंची नजर तरुणपणीच गेली होती. त्यांना मतदानाला न्यायचं काम नवऱ्याचं. मत कुणाला द्यायचं यावरून दोघांची आठवडाभर जुंपलेली असायची. पण पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्यावर बायको सांगेल तिथंच तो शिक्का मारायचा आणि बाहेर येऊन कपाळावर हात मारून घ्यायचा. "माझ्याच हातानं माझा माणूस पाडायला लावतेस तू!" काकूंना हसू आवरायचं नाही.

तो गेल्यावरची ही पहिलीच निवडणूक. या वेळी सोबत मुलगा होता. नगरपालिकेच्या टँकरवर तो कंत्राटी ड्रायव्हर होता. आईला जीव लावणारा. पायरी आली की आधी सांगायचा, रांगेत तिला ऊन लागू नये म्हणून स्वतः उन्हाच्या बाजूला उभा राहिला.

काकूंचं मत ठरलेलं होतं. गल्लीतला दवाखाना बंद होणार म्हणून तिथली नर्सच उभी राहिली होती. नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात रोज घरी येऊन तिनं त्याच्या जखमा धुतल्या होत्या. प्रचाराला आली तेव्हा काकूंनी विचारलं होतं, "कागदावर कुठं आहेस गं तू?"

"सगळ्यात वर, काकू. शोधायला नको."

आडोशामागे काकू मुलाच्या कानाशी लागल्या. "सिस्टरला दे."

मुलगा जरा थांबला. मग शिक्क्याचा आवाज आला.

"दिलं?"

"दिलं की."

"आण, घडी मी घालते." नवरा असतानाही घडी त्याच घालायच्या. कागद हातात घेऊन त्यांनी बोटं फिरवली. वरचा भाग कोरडा होता. अगदी खाली, कडेजवळ, बोटाला ओली शाई लागली.

काकूंनी पुन्हा वर हात नेला. कोरडंच.

"आजी, काही अडचण आहे का?" टेबलामागच्या अधिकारी बाईंनी विचारलं. मुलाचा श्वास अडकलेला काकूंना ऐकू आला. एक शब्द बोलल्या असत्या तर सगळ्या खोलीसमोर त्याची शोभा झाली असती.

"नाही बाई," त्या म्हणाल्या. कागदाची घडी घातली आणि पेटीत टाकली. घरी येईपर्यंत तो पायऱ्या सांगत राहिला, त्या हं हं करत राहिल्या.

निकाल लागला. नर्स सपाटून हरली, कागदावर सगळ्यात खाली नाव असलेला टँकरचा कंत्राटदार निवडून आला. दुसऱ्या दिवशी नर्स गल्लीत घरोघर आभार मानत काकूंच्या दारात आली. आवाज बसला होता.

"हरले, काकू. पण तुमचं मत मला असणार, याची खात्री होती."

मुलगा आत जेवत होता. त्याचं ताट वाजायचं थांबलं.

काकूंनी तिचा हात हातात घेतला. "नाही गं बाई. माझं मत तुला पडलं नाही."

नर्सनं हात सोडवून घेतला, हळूच, आणि गेली. काकूंनी पुढचं काही सांगितलं नाही. सांगायचं तर मुलाचं नाव घ्यावं लागलं असतं.

बऱ्याच वेळानं मुलगा बाहेर आला. "तुला कळलं होतं?"

"हो."

"आई, आपल्या गल्लीतून मतं कमी पडली तर ड्रायव्हर बदलणार, असं कंत्राटदार म्हणाले होते. मी काय करू?"

"मला मागायचं होतंस."

"तू दिलं नसतंस."

"दिलं असतं रे," काकू म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फुटला. "सिस्टरची माफी मागितली असती आणि तुझ्यासाठी त्या मेल्याला दिलं असतं. पोटच्या पोराला नाही म्हणाले असते का मी? मागितलंच नाहीस. आंधळीला काय कळतंय, म्हणालास."

"असं नव्हतो म्हणालो," तो रडत म्हणाला.

त्यांनी त्याला जवळ घेतलं. आईच ती. डोक्यावरून हात फिरवला, पाणी प्यायला लावलं.

पण त्यानंतर तो पेपर वाचून दाखवायला बसला की बातमीच्या मध्येच त्या विचारायच्या, "असंच छापलंय ना?" मुद्दाम नव्हे, तोंडातून निघून जायचं. "हो आई," तो म्हणायचा. काही दिवसांनी त्यानं वाचणं सोडलं. सकाळी दोघं आपापला चहा पीत गप्प बसू लागली.