चुगलखोराची साक्ष

ठमी एकदा हट्टाला पेटली की तिच्यापुढे घरातले सगळे हात टेकायचे, आणि घरातले सगळे म्हणजे एकटा मामा. आईच्या माघारी त्यानंच तिला वाढवलं होतं. तो पाट्या रंगवायचा, दुकानांच्या, दवाखान्यांच्या, ‘येथे वाहने लावू नयेत’च्या. त्याच्या ओल्या अक्षरांवरून बोट फिरवत आणि त्याबद्दल धपाटे खात ठमी वाचायला शिकली होती.

आता ती डोळ्यांच्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेत काम करत होती. तिचं काम होतं कॉर्नियावर. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, डोळ्याची पुढची काच म्हणा ना. त्यात एक विषाणू शिरतो, जखम करतो, गप्प पडून राहतो आणि मनात आलं की पुन्हा उठतो. दर खेपेला काचेवर पांढरा डाग ठेवून जातो. निरोगी पडद्यात कोणती प्रथिनं असतात आणि विषाणूनं पछाडलेल्या पडद्यात कोणती, हे ठमीला शोधायचं होतं. पडद्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचपट्टीवर बसवायचे आणि त्यावर असं रसायन सोडायचं की हवं ते प्रथिन असेल तिथं तपकिरी रंग धरतो, नसेल तिथं काप कोरा राहतो.

अशात एक प्रथिन सापडलं आणि अख्खी प्रयोगशाळा हवेत तरंगायला लागली. विषाणूच्या पडद्यात ते गडद तपकिरी दिसे, निरोगी पडद्यात औषधालाही नाही. विषाणूची खबर फोडतं म्हणून सगळ्यांनी त्याचं नाव ठेवलं चुगलखोर. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, हसतानासुद्धा आधी आजूबाजूला बघून घेत. तेही जिन्यात शीळ घालताना सापडले. शोधनिबंध लिहून तयार झाला. फक्त पाठवायचा बाकी होता.

आणि हाच विषाणू ठमीच्या घरात ठाण मांडून बसला होता, मामाच्या उजव्या डोळ्यात. तो डोळा धुरकटल्यापासून मामाला अंतराचा अंदाज येत नव्हता. पाटी अजून दूर आहे असं वाटायचं आणि कुंचला तिच्यावर आदळायचा. पट्टीशिवाय सरळ रेघ मारणारा माणूस, आता रंगाचे ओघळ पुसत बसायचा. डोळ्यात नवा पडदा बसवायचं ठरलं होतं. विषाणू दबून राहावा म्हणून रोज गोळ्या होत्या, पण त्या घेतल्या की दिवसभर मळमळ, आणि मूत्रपिंडांनाही त्या सोसत नव्हत्या.

म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मामाच्या अश्रूंमध्ये चुगलखोर शोधायला सांगितला. डोळ्याच्या कडेला कागदाची बारीक पट्टी लावायची, ती भिजली की प्रयोगशाळेत पाठवायची. मामाच्या पट्टीत चुगलखोर जवळपास नव्हताच.

“म्हणजे विषाणू झोपलाय,” बाई म्हणाल्या. “नवा पडदा बसला की गोळ्या बंद करून टाकू.”

मामाला आभाळ ठेंगणं झालं. “ठमे, तुझ्या त्या चुगलखोराला माझ्यातर्फे शाबासकी दे गं. जन्मात पहिल्यांदा कुणाच्या चुगलीनं माझं भलं झालं!”

शस्त्रक्रियेआधीच्या शेवटच्या तपासणीला ठमीही गेली होती. मामा यंत्रावर हनुवटी टेकून बसला होता. बाई त्याच्या डोळ्यात उजेड टाकून बघत होत्या. गप्प बसणं हा मामाचा स्वभाव नव्हता.

“मला कुणाचा पडदा बसवणार गं? तुमच्या फ्रिजमधे डबे असतात ना, ‘निरोगी’ लिहिलेले? त्यातला एखादा बाजूला काढून ठेव माझ्यासाठी. घरचं माणूस म्हणून.”

“काहीतरीच काय मामा,” ठमी म्हणाली. “ते बसवायचे नसतात. शिळे असतात ते.”

मामा हसला, बाई हसल्या. ठमीचं हसू मात्र अर्ध्यावरच राहिलं.

ती तशीच उठून नेत्रपेढीत गेली. माहीत नव्हतं असं काही तिथं कळलं नाही. जे ठाऊक असूनही तिनं कधी मनावर घेतलं नव्हतं, तेच पुन्हा कळलं. मरणोत्तर दान झालेला पडदा चांगला आणि ताजा असला की शस्त्रक्रियेला जायचा. ज्याची मुदत थंड द्रावणात पडून पडून उलटायची, तो प्रयोगशाळेकडे यायचा. देणाऱ्याला डोळ्याचा आजार नव्हता म्हणून डब्यावर ‘निरोगी’. उलट, विषाणूचा पडदा रुग्णाच्या डोळ्यातून निघाला की लगेच, ताजा ताजा ठमीच्या हातात पडायचा. म्हणजे एवढे दिवस ती निरोगी आणि आजारी यांची तुलना करत नव्हतीच मुळी. ती शिळ्याची आणि ताज्याची तुलना करत होती. चुगलखोर निरोगी पडद्यातही असेल आणि द्रावणात पडून विरून गेला असेल, तर?

आणि मामाची पट्टी? तीही कुणी न्यायला येईपर्यंत तपासणीखोलीच्या फ्रिजमधे पडून होती. ठमी तडक सरांच्या खोलीत गेली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “माणसं निरोगी होती ना? मग यात खोटं काय आहे?”

“खोटं काहीच नाही, सर. माणसं निरोगीच होती. पडदे शिळे होते.”

“तुला कळतंय का, सगळ्यांची मेहनत पाण्यात जाईल?”

“कळतंय. त्यात सगळ्यात जास्त माझी आहे.”

सरांनी टेबलावरचा निबंध उचलला आणि परत ठेवला. वाईट नव्हते ते, फक्त इतक्या वर्षांनी घातलेली शीळ त्यांना अशी अर्ध्यात तोडवत नव्हती. “सिद्ध करून दाखव,” ते शेवटी म्हणाले. “नुसत्या शंकेवर मी निबंध रद्द करणार नाही.”

बाईंना समजावणं त्याहून अवघड गेलं. “त्यांची मूत्रपिंडं कुरकुरतायत. तुझ्या शंकेवर मी गोळ्या चालू ठेवू?”

“तुम्ही माझ्या पुराव्यावर त्या बंद करणार होतात, बाई. तो पुरावाच मी मागे घेते आहे.”

बाईंनी भुवया उंचावल्या. मग त्यांनी गोळीची मात्रा कमी केली, रक्त वरचेवर तपासायला सांगितलं आणि गोळ्या चालू ठेवल्या.

मामाचा मात्र भडका उडाला. “आधी म्हणायचं बंद, मग म्हणायचं चालू! मी माणूस आहे की तुमची काचपट्टी? सकाळपासून जीव नकोसा होतो मला. तुला काय, तुला तुझा प्रयोग!”

ते ठमीला लागलं. डोळ्यांत पाणी आलं, तरी ती जागची हलली नाही. “हो, माझा प्रयोग. माझा चुकलेला प्रयोग. त्याच्या भरवशावर मी तुझा डोळा घालवू? भांड माझ्याशी, बोलू नकोस, पण गोळी घे.” तिनं पाण्याचा पेला पुढे केला. मामानं तोंड वाकडं करून गोळी गिळली आणि त्या दिवसापासून खरंच अबोला धरला.

शस्त्रक्रिया पार पडली. मामाच्या डोळ्यातला जुना पडदा, पांढऱ्या डागाची ती इवलीशी चकती, झाकणाच्या डबीतून ठमीच्या हातात आली. हिनंच मामाच्या कुंचल्याचा अंदाज चुकवला होता. ठमीनं चकतीची बारीकशी कड विषाणूच्या तपासणीला पाठवली. उरलेली मधोमध कापली. एका अर्ध्या भागाचे काप त्याच दिवशी काढून रंगवले. गडद तपकिरी. दुसरा अर्धा भाग तिनं नेत्रपेढीतल्याच थंड द्रावणात ठेवला, प्रयोगशाळेकडे येणारे ‘निरोगी’ पडदे जितके दिवस पडून असत तितकेच दिवस. तोवर सरांचा निबंध टेबलावर तसाच राहिला आणि मामा घरात भिंतीशी बोलत राहिला. “भिंती, हिला सांग, जेवायला वाढलंय.”

ठरल्या दिवशी तिनं दुसऱ्या अर्ध्याचे काप रंगवले. पहिल्यांदा बघितलं तेव्हा स्वतःवरच विश्वास बसेना, म्हणून पुन्हा नवे काप काढून रंगवले. मग सरांना बोलावलं. सर सूक्ष्मदर्शकावर वाकले.

“हा कुठला आहे? निरोगी ना?”

“नाही सर. मामाचा आहे. शिळा.”

काप कोराकरकरीत होता. रोगानं पोखरलेला मामाचा पडदा द्रावणात पडून राहून चांगला निरोगी झाला होता. सरांनी पहिल्या अर्ध्याची काचपट्टी मागितली, पुन्हा दुसऱ्याची, पुन्हा पहिल्याची. मग चष्मा काढून पुसला.

“निबंध जाणार नाही,” ते म्हणाले. आणि दारापर्यंत जाऊन वळले. “ताजे निरोगी पडदे कुठून मिळवायचे, याचा विचार उद्यापासून. दोघं मिळून.”

विषाणूच्या तपासणीचा निकालही आला. तो बाईंनी मामाला समोर बसवून सांगितला. पडद्याच्या कडेत विषाणू जिवंत होता, चांगला जागा. ठरल्याप्रमाणे गोळ्या बंद केल्या असत्या, तर नवा पडदाही त्यानं खाल्ला असता. घरी आल्यावर मामानं स्वतः उठून पेला भरला, गोळी तोंडात टाकली आणि गिळली. तोंड वाकडं झालंच, पण भिंतीला मधे घेतलं नाही.

“ठमे,” तो म्हणाला, “बरं झालं तू ऐकलं नाहीस माझं.”

पुढे काही महिन्यांनी, डोळ्यात अजून टाके असताना, ठमीनं त्याला काम दिलं. प्रयोगशाळेच्या फ्रिजसाठी दोन पाट्या हव्या होत्या, वरच्या कप्प्याला ‘ताजे’, खालच्याला ‘शिळे’.

“आणि निरोगी?”

“ते लिहायची माझी अजून लायकी नाही.”

मामानं पाटी खिडकीजवळ धरून उभी केली, कुंचला बुडवला, हात पुढे नेला. ठमीनं सवयीनं फडकं उचललं. पण कुंचला पाटीपासून तांदूळभर अंतरावर आपण होऊन थांबला.

“ठेव ते फडकं,” मामा म्हणाला. “दिसतंय मला, पाटी कुठे आहे ते.”

आणि मग त्यानं पट्टीशिवाय शिरोरेघ मारली.