कोरडं अंगण

दादा गेल्यावर नवव्या दिवशी मी कामावर गेले. टेबलावर माझ्या फाइली तशाच होत्या, फक्त वर एक नवी ठेवलेली होती आणि ती दादाच्या घराची होती. साहेबांनी ती स्वतः आणून ठेवली होती. शिपायाच्या हाती पाठवायला त्यांना अवघड वाटलं असावं. मला काहीच वाटलं नाही. मी पंखा लावला, खुर्ची पुसली आणि फाइल उघडली.

नगर नियोजन कार्यालयात मी उतार विभाग बघते. टेकडीवर कुठे घर बांधू द्यायचं आणि कुठे नाही, बांधलं तर माती अडवायला कसली भिंत हवी, पाण्याला वाट कुठून, झाडं किती ठेवायची, हे माझ्या सहीनं ठरतं. ऑफिसात मला उतारबाई म्हणतात, पाठीमागे आणि तोंडावरही. बाकीचे लोक संशय आला की म्हणतात, कुठेतरी पाणी मुरतंय. आमच्याकडे ते रोजच्या कामातलं साधं वाक्य आहे. बावीस वर्षं मी लोकांना एकच गोष्ट सांगत आले: माती आपण होऊन खाली येत नाही, पाणी तिला घेऊन येतं. भिंतीनं माती अडवायची, पाणी नाही. म्हणून भिंतीत दर दीड मीटरला मुठीएवढं भोक ठेवायचं आणि भिंतीमागे खडी भरायची. पाऊस पडला की त्या भोकांतून गढूळ पाणी येतं. ते येऊ द्यायचं.

टेकडीची ती बाजू पूर्वी नकाशावर हिरवी होती, म्हणजे झाडांसाठी राखीव. दहा वर्षांपूर्वी ती घरांसाठी खुली झाली तेव्हा अटी मी लिहिल्या. भोकांची अट माझीच. दादाला तिथे प्लॉट आवडला होता. त्यानं विचारलं, "घेऊ का गं?" मी म्हणाले, "घे. भिंत नीट बांधलीस तर हरकत नाही." त्यानं ती नीट बांधली. रोज उभा राहायचा. शेवटी गवंडी वैतागून म्हणाला, "साहेब, भोकं तुम्हीच मोजत बसा, मी चहा पिऊन येतो."

रांगेत अशी अकरा घरं आहेत. मागे कापलेला डोंगर, त्याला लागून प्रत्येकाची भिंत, भिंतीपुढे अंगण आणि मग घर.

वहिनीला त्या चिखलाचा कंटाळा आला. येणारच. पावसाळ्याचे चार महिने मागचं दार उघडायची सोय नाही, वाळत घातलेल्या चादरींना तांबडे शिंतोडे, पायांचे ठसे थेट स्वयंपाकघरापर्यंत. गेल्या वर्षी पावसाच्या आधी तिनं सगळी भोकं बुजवली. स्वतःच्या हातानं, दादा गावाला गेलेला असताना. वरून पांढरा रंग दिला. दादानं आल्यावर जरा कुरकुर केली आणि विसरला. तिच्या कामात त्यानं कधी नाक खुपसलं नाही.

पुढे पावसाळ्यात एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. दर रविवारी जायचे, मला घरी एकटीसाठी रांधायचा कंटाळा. पाऊस थांबल्यावर आम्ही खुर्च्या बाहेर घेतल्या. मी म्हणाले, "वहिनी, यंदा अंगण काय कोरडं आहे गं. आता बसायला बरं वाटतं." ती एवढी खूश झाली की तिनं मला पुन्हा चहा करून दिला.

आमच्याकडे दरवर्षी पावसाआधी भिंतींची पाहणी होते. एक फॉर्म असतो, आठ ओळींचा. नियम असा की नातेवाइकाच्या घराची पाहणी दुसऱ्या अधिकाऱ्यानं करायची. मी दादाचं घर कधीच दुसऱ्याला दिलं नाही. यात लबाडी वगैरे काही नव्हती. परका माणूस आला असता तर वहिनीची उगाच धावपळ झाली असती, एवढंच. यंदाचाही फॉर्म मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर भरला, जेवण झाल्यावर, हात धुवून. पाचवी ओळ: भोकं मोकळी आहेत का? हो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

चार दिवस पाऊस लागला. पाचव्या दिवशी लख्ख ऊन पडलं. भिंती बहुतेक पाऊस थांबल्यावरच पडतात, कारण मागे साठलेलं पाणी तेव्हाच पुरतं भरलेलं असतं. हे मी कित्येक सभांमध्ये सांगितलंय, नकाशे लावून. दादा खुर्ची घेऊन उन्हात पेपर वाचत बसला होता, भिंतीकडे पाठ करून. सव्वाबाराला वहिनीनं जेवायला हाक मारली आणि तो उठला नाही, कारण तोवर भिंत त्याच्यावर आली होती.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले, मग बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले.

"अहवाल तुम्हीच लिहायला हवा असं नाही," ते म्हणाले. "पण दुसऱ्या कुणी लिहिला तर तो खणत बसेल. तुम्ही लिहा आणि संपवा. अतिवृष्टी. एका शब्दात विषय मिटतो."

"पेपरवाल्यांना तुम्ही तेच सांगितलंत ना?"

"मग काय सांगायचं होतं? तुमच्या घरची मंडळी आहेत म्हणूनच सांगितलं. आपली माणसं आपण नाही सांभाळायची तर कुणी?"

माणूस वाईट नाही. दोन वर्षांत निवृत्त होणार आहे आणि त्याला कुणाचंच वाईट नकोय. मी बघते म्हणाले आणि टेकडीवर गेले.

दादाच्या घरी गेले नाही. रांगेतून चालत गेले, घरांच्या मागच्या बाजूनं, एकेका अंगणात डोकावत. भोकं शोधायला वेळ लागत नाही, ती एका ओळीत असतात. अकरातल्या दहा भिंती उभ्या होत्या आणि दहातल्या सात भिंतींची भोकं बुजवलेली होती, यंदाची पाहणी होऊन गेल्यावर. सगळीकडे तीच पद्धत, तोच सफाईदार हात, वर पांढरा रंग. शनिवारपासून पुन्हा जोराचा पाऊस सांगितलेला होता. तो दिवस बुधवार होता.

चौथ्या घरात शिंपीण राहते. मागच्या दाराशीच तिचं मशीन आहे. ती कपडे शिवत होती आणि तिची चार वर्षांची नात भिंतीला टेकून फरशीवर खडूनं घर काढत होती.

"ही भोकं उघडून टाका," मी म्हणाले. "आजच्या आज."

"का हो बाई? पुन्हा सगळा राडा? ही पोर इथे खेळते. तुमच्या वहिनींनीच दाखवलं मला कसं करायचं ते. आत कापडाचा बोळा, वर सिमेंट. त्यांच्याकडचं उरलेलं सिमेंटसुद्धा त्यांनीच आणून दिलं."

"भिंत पडेल."

"तुमच्या दादांची अतिवृष्टीनं पडली, पेपरात वाचलं मी. फार वाईट झालं. पण पावसापुढे कुणाचं काय चालतं?" तिनं दोरा तोंडानं तोडला. "तुम्ही बसा तरी. तोंड बघा केवढंसं झालंय."

कारण माझ्या जिभेवर होतं. सांगितलं असतं तर तासाभरात रांगभर झालं असतं आणि वहिनीला ते शेजारणीकडून कळलं असतं. मी शब्द गिळले आणि निघाले. साधं सांगून कुणी ऐकणार नव्हतं. नोटीस लागणार, आणि नोटिशीला कारण लागतं.

ऑफिसात येऊन अहवाल लिहिला. भिंतीतील पाणी निघण्याची भोकं घरमालकांनी सिमेंटनं बुजवली होती. त्यामुळे मागे पाणी साठून भिंत कोसळली. रांगेतील आणखी सात भिंतींची स्थिती हीच आहे. साहेबांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "विचार करा. हे तुमच्याच घरावर येतंय." मी म्हणाले, विचार केलाय. मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं, खोटं कशाला बोलू. नऊ दिवसांत तेवढंच काय ते वाटलं.

नोटिसा उद्या सकाळी लागणार होत्या. त्याआधी वहिनीला मीच सांगायला हवं होतं.

ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर दादाची औषधं पसरलेली. रक्तदाबाच्या गोळ्या एका बाजूला, खोकल्याचं औषध दुसऱ्या. प्रत्येक पाकीट उजेडाकडे धरून ती तारीख वाचत होती.

"यातल्या चालणाऱ्या दवाखान्यात देईन म्हणते," ती म्हणाली. "चहा?"

"नको. वहिनी, हे वाच."

मी फाइलच तिच्या पुढ्यात ठेवली. भ्याडपणा होता तो, तोंडानं सांगायला हवं होतं. तिनं चष्मा लावला आणि ओळीखाली बोट फिरवत वाचलं. मग बोट तिथेच ठेवून बसली.

"म्हणजे मी," ती म्हणाली.

"तुला माहीत नव्हतं वहिनी."

"परवा ढिगाऱ्यात एक दगड दिसला, भोक असलेला. आत माझा बोळा तसाच होता. ह्यांच्या जुन्या बनियनचा." तिचा आवाज गोळ्यांच्या तारखा वाचतानाचाच होता. "तेव्हाच वाटलं. मग कुणाला विचारावं ते कळेना. तुला विचारणार होते."

तिनं पान उलटलं. पुढचंही उलटलं. पाहणीचा फॉर्म मी सगळ्यात खाली लावला होता.

"ही तुझी सही."

"हो."

"भोकं मोकळी आहेत का. हो." तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हे तू इथे बसून भरलंस. मी टेबल पुसत होते, तू म्हणालीस कोपर उचलते, थांब."

"हो."

"तेव्हा तर ती बुजून वर्ष झालं होतं. तुला दिसलं नव्हतं?"

हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. साहेबांनी नाही, मी स्वतःलाही नाही.

"दिसलं होतं," मी म्हणाले. "पहिल्याच रविवारी दिसलं. अंगण कोरडं आहे म्हणाले ना, तेव्हा भिंतच बघत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू खूश होतीस. जेवण चांगलं झालं होतं. म्हटलं एका पावसानं काय होतंय, सांगू पुढे कधीतरी. मग पुढचा पाऊस आला."

एक गोळी पाकिटातून निसटून टेबलावर आली होती, ती तिनं परत आत ढकलायचा प्रयत्न केला.

"कागदावर मी आहे," ती म्हणाली. "तू कुठे आहेस?"

तिनं अहवालाचं पान पुन्हा वर आणलं.

"लिही."

औषधांच्या यादीशेजारी पडलेलं पेन तिनं माझ्याकडे सरकवलं. मी अहवालाच्या खाली लिहिलं: पाहणी अधिकाऱ्यास भोकं बुजलेली दिसली होती. तरीही ती मोकळी असल्याची नोंद करण्यात आली. तिनं वाचलं आणि विचारलं, "अधिकारी कोण?" मी पुन्हा पेन घेतलं आणि माझं पूर्ण नाव घातलं. त्यापुढे, कुणी सांगितलं नव्हतं तरी, मयताची बहीण असं लिहिलं.

तिनं कागद उचलला, चपला घातल्या आणि निघाली. मी मागोमाग. शिंपिणीच्या अंगणात जाऊन तिनं मशीन थांबवायला सांगितलं आणि उभ्या उभ्या सगळा अहवाल वाचून दाखवला. पहिल्यांदा स्वतःवरचं, मग माझ्यावरचं, मध्ये न थांबता.

"सिमेंट मी दिलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "ह्यांना मारलं ते याच सिमेंटनं. आधी पोरीला आत घ्या, मग पहार द्या."

शिंपीण नातीला उचलून आत घेऊन गेली. पहार वहिनीनंच शोधली. पहिलं भोक तिनं फोडलं, बोळा ओढून काढला, आणि थोड्या वेळानं आतून दाट चिखल यायला लागला, मग जोरात पाणी. शिंपिणीनं सवयीनं खराटा उचलला. वहिनीनं तो तिच्या हातातून काढून घेतला. रांगेतले बाकीचे लोक जमले, कुणी पहार आणली, कुणी हातोडा. मी एका अंगणातून दुसऱ्या अंगणात फिरत, कुठल्या भिंतीपुढे उभं राहायचं नाही ते सांगत होते. मला ते काम येतं.

ऊन कलेपर्यंत सातही भिंती मोकळ्या झाल्या. वहिनी शेवटच्या अंगणात घोट्याएवढ्या चिखलात उभी होती, हातांना फोड आलेले. मी तिच्या हातातली पहार घ्यायला गेले. तिनं दिली नाही.

"तू आता घरी जा," ती म्हणाली.

"तुला घरापर्यंत पोचवून जाते."

"नको. ऐक. इतके दिवस मला काही होतच नव्हतं. लोक यायचे, रडायचे, मी त्यांना पाणी आणून द्यायची. आता मला तुझा राग यायला लागलाय. पार पोटातून येतोय. येऊ दे मला. तू जा."

"पुन्हा कधी येऊ?"

"विचारू नकोस."

मला तिचा हेवा वाटला. माझ्यात अजून काहीच हललं नव्हतं. चिखलानं जड झालेल्या चपला हातात घेऊन मी खालच्या रस्त्याला लागले.