गिअरबॉक्सचा ताप

पुंजाजीच्या ट्रकचा गिअरबॉक्स एकाच उन्हाळ्यात दोनदा जळाला. तेल झिरपून कमी व्हायचं, चढावर तापायचं, आतले दात खलास व्हायचे, आणि हे सगळं गाडी जागेवर उभी राहिली की मगच कळायचं. म्हणून रिसोडच्या मदनसिंग मिस्त्रीने अकोल्याच्या भंगारातून एक घड्याळ आणलं. मिलिटरीच्या कुठल्याशा गाडीतलं होतं. घड्याळ म्हणजे वेळेचं नाही. त्याच्या मागून तांब्याची बारीक नळी निघालेली आणि नळीच्या टोकाला करंगळीएवढी पितळी कांडी. कांडी तेलात बुडाली की तेल किती तापलं ते काटा दाखवतो.

मदनसिंगने गिअरबॉक्सच्या बुचाला भोक पाडलं, आटे पाडले, कांडी बसवून आवळली आणि नळी खालून केबिनमध्ये घेतली. मग तो घड्याळ हातात धरून बराच वेळ उकिडवा बसून राहिला.

"काय झालं?" पुंजाजीने विचारलं.

"नळी पुरून नाही राह्यली."

"मंग जोड दे."

"हिले जोड चालत नाही. आत वायू भरेल हाय. कापली का मेली."

नळी पोचत होती ती डाव्या बाजूला, क्लिनरच्या गुडघ्यासमोर. मधे इंजिनाचं उंच झाकण. ड्रायव्हरने मान कितीही लांब केली तरी काटा दिसणं शक्य नव्हतं. तरी मदनसिंगने घड्याळ तिथेच ठोकलं, काचेवर लाल रंगाची एक रेघ ओढली आणि म्हणाला, "काटा रेघेले टेकला का गाडी उभी करायची. पाहाले एक माणूस ठेव."

माणूस होताच. क्लिनर लखमा, पुंजाजीपेक्षा वयाने मोठा आणि स्वभावाने थंड. पण काट्याकडे टक लावून पाहिलं की त्याला गुंगी यायची. वाशिम यायच्या आत त्याचं कपाळ घड्याळावर टेकलं होतं.

"लखमा, काटा कुठं हाय?"

"हाय तिथंच हाय," लखमा डोळे न उघडता म्हणाला.

पुंजाजीने विचार केला. बायको भागिरथा दिवसा कधी झोपत नाही, आणि तिच्या नजरेतून काही सुटत नाही, हे त्याने लग्नापासून सोसलं होतं. दुसऱ्या खेपेला त्याने तिला डाव्या सीटवर बसवलं. लखमा वर पोत्यांवर जाऊन पसरला आणि ही व्यवस्था त्याला फार आवडली.

सुरुवातीला भागिरथाने काम चोख केलं. पदर खोचून, गुडघ्यावर हात ठेवून ती काट्यासमोर अशी बसायची, जसं काही चुलीवर दूध ठेवलंय. मग एका दुपारी रिकाम्या गाडीने परतताना उतारावर आसेगाव आलं.

"आवो, थांबवा. काटा लागला."

पुंजाजीने घाईघाईने गाडी बाजूला घेतली. समोरच भागिरथाची बहीण रुख्मिणी हिचं घर होतं. रुख्मिणी दारात आली, जयभीम झाला, चहा झाला, मग गिअरबॉक्स गार होईपर्यंत भाकरी आणि झुणका झाला. निघताना भागिरथाने काचेवर बोट टेकवून सांगितलं, "आता उतरला."

पुढच्या आठवड्यात जऊळक्याच्या स्टेशनावर माल उतरवला, आणि परतताना काटा तिच्या मामाच्या ओट्यासमोर लागला. त्यानंतर एका मावसबहिणीच्या शेताजवळ लागला. वाशिमच्या बाजारात तर गाडी बंद करून उभी होती तरी लागला, आणि भागिरथा बांगड्या भरून येईस्तोवर उतरला नाही.

पुंजाजी मदनसिंगकडे गेला. "मिस्त्री, रिकामी गाडी उतारावर तापते का?"

मदनसिंगने हातातला पाना खाली ठेवला. "उतारावर तं नाही तापत." मग त्याने विचारलं, "तिथं कोणाचं घर हाय?"

"साळीचं."

"मंग तापते," मदनसिंग म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

पुंजाजीने घरी भांडण काढलं नाही. रुख्मिणीच्या हातचा झुणका त्यालाही आवडत होता. पण त्याने मनाशी एक रीत ठरवली. काटा लागला म्हणाली की आधी विचारायचं, इथं तुझं कोण आहे. कोणी निघालं तर गाडी हाकत राहायची.

मग ज्वारीची पोती घेऊन मंगरूळपीरला जाताना, एका उघड्या माळाच्या चढावर, ऐन उन्हात भागिरथा म्हणाली, "काटा लागला."

"हितं तुहं कोण हाय?"

तिने बाहेर पाहिलं. एक बाभूळ होती. "कोणीच नाही."

पुंजाजीने एवढ्या जोरात ब्रेक मारला की वरचा लखमा पोत्यांसकट पुढे सरकला. खाली वाकून पाहतात तर बुचाजवळून तेलाची धार लागलेली आणि गिअरबॉक्सला हात लाववत नव्हता. अजून थोडं चाललं असतं तर तिसऱ्यांदा कारभार आटोपला असता.

पुंजाजीने बूच आवळलं, लखमाला येत्या एसटीत बसवून तेल आणायला पाठवलं आणि बाभळीखाली डोकं धरून बसला. "खरं बोललीस," तो भागिरथाला म्हणाला.

"मी कधी खोटं बोललो?" भागिरथाने विचारलं.

माळापलीकडे बंजाऱ्यांचा तांडा होता. गाडी उभी दिसली म्हणून तिथली गोमतीबाई डोक्यावर पाण्याची घागर घेऊन आली. भागिरथाने तिला कोण कुठली विचारलं, तिने हिला मुलंबाळं विचारली. घटकाभराने दोघी तांड्यावर गेल्या. पुंजाजी राखण करत बसला.

उन्हं कलताना लखमा तेलाचा डबा घेऊन उतरला. तोवर भागिरथा परतली होती, अंगावर आरशांची ओढणी, हातात तिळाची पुडी. गोमतीबाई सोबतच होती.

"भाऊजी," ती पुंजाजीला म्हणाली, "माही बहीण आता दर खेपेले येईन. गाडी हितंच थांबवत जा."

पुंजाजीने रस्त्याकडे पाहिलं. रिसोडपासून मंगरूळपीरपर्यंत बिननात्याची हीच एक जागा उरली होती.

पुढच्या महिन्यात मदनसिंगने त्याला हाक मारली. "लांब नळीचं घड्याळ भेटलं हाय. थेट तुह्या समोर बसते. लावू का?"

पुंजाजीने केबिनकडे नजर टाकली. डाव्या सीटवर भागिरथा तांड्यावर न्यायच्या शेवया गाठोड्यात बांधत होती.

"घरी इचारून सांगतो," तो हळूच म्हणाला.

मदनसिंगने घड्याळ पुन्हा कागदात गुंडाळलं.