पडद्यावरचे साडेसदतीस अंश

मित्रांनो, तीन पायांचा, नखाएवढा काळा तुकडा मी. मला व्होल्टेज रेग्युलेटर म्हणतात. अंडी उबवण्याच्या एका लाकडी पेटीत माझी उभी हयात गेली. येणारी वीज थोडी कमीजास्त झाली तरी पुढे नेमके पाच व्होल्ट द्यायचे, हे माझे काम. त्या पाचाच्या मापानेच यंत्र पेटीतली ऊब मोजते आणि अंड्यांना लागते तशी ती साडेसदतीस अंशांवर राखायला बल्ब लावते, विझवते. अट एकच. पाच देण्यासाठी मला सात तरी मिळावे लागतात. वरचे दीड-दोन माझ्यातच खपतात.

पेटी कोंबड्या पाळणाऱ्या ताईंची. सहा वर्षांत तिच्यातून शेकडो पिल्ले बाहेर पडली. "या पेटीनं मला कधी दगा दिला नाही," असे त्या शेजारणीला सांगायच्या. मी सुखावायचो.

मग कोंबड्यांत साथ आली. आठवड्याभरात खुराडे रिकामे झाले. ताईंच्या आईने जपलेल्या त्या जातीची, आधीच पेटीत ठेवलेली अठरा अंडी तेवढी उरली.

अंडी ठेवल्याच्या पाचव्या दिवशी नऊ व्होल्टचा अडॅप्टर जळाला. ताईंचा धाकटा भाऊ धावत जाऊन जुन्या टेलिफोनचा सहा व्होल्टचा अडॅप्टर घेऊन आला.

"चालेल ना रे हा?" ताईंनी विचारले.

"पिन बसली, दिवा लागला. अजून काय हवं?"

मी जीव तोडून काम केले, पण सहातून मला साडेचारच देता येत होते. माप आखूड झाले. जेमतेम चौतीस अंशांची ऊब यंत्राला साडेसदतीस वाटू लागली आणि बल्ब लवकर विझू लागला. ताई तासातासाला चष्मा लावून यंत्राच्या पडद्यावरचे साडेसदतीस वाचायच्या आणि निश्चिंत मनाने कामाला लागायच्या. त्यांना सांगायला मला तोंड नव्हते.

पिल्ले बाहेर पडायचा एकविसावा दिवस तसाच गेला. चोविसाव्या दिवशी ताईंनी एक अंडे फोडले. आत अर्धवट वाढलेले पिल्लू होते. मग उरलेली सतरा.

"माझंच काहीतरी चुकलं असणार," त्या म्हणाल्या.

त्यांनी बोलावलेल्या मेकॅनिकने मीटर लावून पाहिला. "तुमचं नाही चुकलं, ताई. याला सात हवेत, मिळत होते सहा. हा तरी पाच कुठून देणार?"

भाऊ दारातच उभा होता. ताईंनी त्याच्याकडे पाहिले नाही.

मित्रांनो, ज्याच्यावर विसंबता त्याला पुरेसे मिळते आहे का, एवढे एकदा तपासत जा. दुसऱ्याच दिवशी भावाने नऊ व्होल्टचा अडॅप्टर आणून लावला. आता मी नेमके पाच देतो, ऊबही अगदी बरोबर असते. पेटीत अंडी नाहीत. ताई या खोलीत येत नाहीत, आणि पेटी बंद करायचे कुणाला सुचत नाही.