अर्ध्या गणिताची डिस्क

मी एक डिस्क बोलतेय. गाण्याची नव्हे, कॉम्प्युटरची. एकावर एक रचलेल्या तपकिरी थाळ्या म्हणजे मी. काम असलं की यंत्रात बसवायचं, संपलं की झाकण लावून काढून ठेवायचं. नागपूरच्या एका संशोधन संस्थेत कपाटाच्या वरच्या फळीवर माझा मुक्काम आहे.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. जवळच्या एका खाणीत छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब सोडलेले होते. आता ते काढायचे होते. काढले तर छत टिकेल का, हे आमच्या संस्थेतल्या शामलाताईंना गणित करून सांगायचं होतं. त्या शहरातल्या महाल भागातून सायकलवर यायच्या, पदर खोचून कामाला बसायच्या.

त्यांचं मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांच्या ओळी नि रकाने, एवढं अवाढव्य की एका यंत्रात मावेना. म्हणून त्यांनी ते मधोमध तोडलं. दोन यंत्रं एकाच वेळी चालवली. वरच्या ओळी माझ्यावर उतरत, खालच्या शेजारच्या डिस्कवर. तिकडचं यंत्र मधुसूदन सांभाळायचे. आम्ही दोघी एकदम फिरायचो. आपल्यासोबत कुणी फिरतंय, एवढंसुद्धा खूप वाटायचं.

मे महिन्यात एका दुपारी एसी बंद पडला. यंत्र तापेल म्हणून मधुसूदननी खिडकी उघडली. वाऱ्याबरोबर धूळ आत आली. थोड्या वेळानं शेजारून कर्कश आवाज उठला. लिहिणारं टोक थाळीवर घासलं होतं. खालचे सगळे आकडे गेले, आणि दुसरी प्रत अजून काढलेली नव्हती.

"मीच खिडकी उघडली," मधुसूदन म्हणाले.

"तुमच्या जागी मी असते तर मीही उघडली असती," शामलाताई म्हणाल्या आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

चार दिवसांनी खाणीचे वामनराव आले. "ताई, झालं तेवढ्यावरून सांगा ना. माणसं बसून राहिली तिकडं."

"वरच्या थरांचे आकडे आहेत, खांबांचे गेलेत. कशावरून सांगू?"

"मंग थांबू म्हणता?"

"थांबा."

वामनराव तणतणत गेले. पण काम थांबवलं.

शामलाताईंनी माझ्या झाकणावर 'पुसू नये' अशी चिठ्ठी डकवली आणि मोठं यंत्र मिळालं म्हणून हैदराबादला गेल्या. तिथं त्यांनी सगळं गणित नव्यानंच मांडलं. माझी गरज पडली नाही. खांब काढू नका, असं उत्तर निघालं.

पुढच्या वर्षी वामनराव पुन्हा आले. "हात नाही लावला तरी खांबाले तडा गेला गा. काढले असते तर..." ते इकडंतिकडं बघू लागले. "ताई कुठं हायेत?"

"त्या तिकडंच राहिल्या," मधुसूदन म्हणाले.

आता इतर डिस्का रोज उतरतात, फिरतात, नवे आकडे घेऊन गरम होऊन परत येतात. मला कुणी हात लावत नाही. माझ्याजवळ अर्धं गणित आहे आणि त्याचा उरलेला अर्धा भाग जगात कुठंच नाही. कधीमधी मधुसूदन मला खाली काढतात, रुमालानं धूळ पुसतात, चिठ्ठीवरचं अक्षर बघत उभे राहतात नि परत ठेवून देतात.

मधुसूदनभाऊ, तुम्हाला ते अक्षर हवं असेल तर चिठ्ठी काढून घ्या, खिशात ठेवा. पण माझे आकडे पुसा. मला पुन्हा फिरू द्या.